बिनभोंग्याची पाळी

"विजे, कधी गेला गं माझा जयवंत?"

आत्याबाई फोनवर हंबरडा फोडून रडत होत्या, आणि त्यांचा जयवंत माझ्यासमोर बसून चहात बटर बुडवून खात होता.

"आत्याबाई, कुणी सांगितलं तुम्हाला? हे हितं बसल्यात. चहा पितायत."

"मला समजवू नकोस गं. उद्यमनगरच्या चौकात बोर्ड लागलाय. आमचा बापू डोळ्यांनी बघून आलाय. हार घातलाय फोटोला!"

फोन नवऱ्याच्या हातात देऊन "घ्या, बोला" म्हणायचीही सोय नव्हती. आदल्या वर्षी घशाच्या कॅन्सरपायी डॉक्टरांनी त्याची आवाजाची पेटीच काढून टाकली होती. गळ्याला भोक आणि त्यावर रुमाल. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. ते ओठ वाचायला मी शिकले होते, दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. चारचौघांत मी त्याला अहो-जाहो करते, पण मनात तो लग्नाआधीपासून नुसता जयवंतच आहे.

"आत्याला सांग," तो ओठांनी म्हणाला, "तेराव्याला ये, लाडू करणार आहोत."

"गप्प बसा हो तुम्ही!" मी खेकसले, आणि खेकसल्यावर माझं मलाच कसंतरी झालं.

पायात सापडतील त्या चपला अडकवून मी चौकात गेले. भला मोठा फ्लेक्स लागला होता. जयवंतचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो, डोळे मिटलेले. वरून झेंडूचा खराखुरा हार. खाली लिहिलेलं: 'दादा, तुमचा आवाज अमर आहे. तुमची जागा कुणीच घेऊ शकत नाही. समस्त भट्टीकर.' आणि शिडीवर चढून सुतळी आवळत होता संपत चौगुले.

"संपत! उतर खाली."

"काय वहिनी, कसा झालाय बोर्ड?"

"झालाय की झकास. सकाळपासून फोन येतायत. मातीला किती वाजता जायचंय विचारतायत लोक!"

संपतनं बोर्डाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत बोर्डाकडं बघितलं. मग त्यानं जीभ चावली. "आयला! वहिनी, ब्लॅक अँड व्हाइट जरा भारी दिसतंय म्हणून केलं हो. आणि हार मानाचा हाय."

"जित्या माणसाला मानाचा हार गळ्यात घालतात, फोटोला न्हाई. काढ आधी तो."

पन्नाशीला आलेला माणूस. स्वतःचं लेथचं वर्कशॉप, लेकीचं लग्न झालेलं, आणि अंगात मात्र 'भट्टी' लिहिलेला काळा टी-शर्ट. हार काढून त्यानं तो आधी डोळ्यांना लावला. जयवंतवर त्याचा जीव होता, त्यात काही खोट नव्हती. म्हणूनच तर सगळी पंचाईत झाली.

भट्टी म्हणजे आमचा बँड. जयवंत फौंड्रीत कामाला होता, बाळ सरनोबत तिथंच फिटर. पाळी सुटली की दोघं शेडच्या मागं गिटार घेऊन बसायचे. त्यातून चार पोरं जमली आणि रॉक बँड उभा राहिला, तोही मराठीतून. जयवंतचं स्थळ सांगून आलं तेव्हा आमच्या आईला वाटलं, पोराची दारूची भट्टी आहे. सुरुवातीला लोक हसले. पण कारखान्यातल्या पोरांना ती गाणी आपली वाटली, आणि बघता बघता सांगली, इचलकरंजी, पार बेळगावपर्यंत भट्टीकर तयार झाले.

या भट्टीकरांची एक रीत होती. फौंड्रीत भोंगा झाल्याशिवाय पाळी सुरू होत नाही, तसं भट्टीच्या कार्यक्रमातही भोंगा झाल्याशिवाय बँड स्टेजवर यायचा नाही. भोंगा द्यायचा पब्लिकनं. पहिल्या रांगेतून संपत सुरू करायचा, खालच्या पट्टीत, मग मागची माणसं उचलायची, आणि सगळं मैदान मिळून असा काही आवाज चढवायचं की अंगावर काटा यायचा. तो टिपेला पोचला की पडद्यामागून जयवंत धावत यायचा. इतक्या वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता.

"रविवारच्या कार्यक्रमाला भोंगा देणार न्हाई आम्ही," हार खांद्यावर टाकून संपत म्हणाला. "आमचं ठरलंय."

"म्हणजे?"

"सरनोबतनं दादांच्या जागी पोरगी आणलीय. निपाणीची. जत्रेतल्या ऑर्केस्ट्रात गाणारी! दादांचा घसा गेला म्हणून यांनी लगेच दुकान दुसऱ्याच्या नावावर केलं? दादांना विचारलं तरी का कुणी? आम्ही तिकीट काढणार, आत बसणार आणि तोंड उघडणार न्हाई. बघू या कसे स्टेजवर येतात ते."

माझ्या जिभेच्या शेंड्यावर आलं होतं. दात घट्ट आवळून मी घराकडं वळले.

कारण ती पोरगी जयवंतनंच निवडली होती. ऑपरेशननंतर एका यात्रेत ती गाताना त्यानं ऐकली आणि माझा दंड धरून मला ओढत स्टेजमागं नेलं. पूर्वा हंचनाळे तिचं नाव. त्यानंतर वर्षभर ती एसटीनं आमच्या घरी यायची. शेजाऱ्यांना वाटायचं, माझ्या शिवणक्लासला येते. जयवंत टेबलावर तळव्यानं ताल द्यायचा, ती गायची, चुकली की तो बोट वर करायचा आणि ओठ हलवायचा. त्या ओठांवरचं मी तिला सांगायची.

खरं सांगायचं तर मलाही ती नको होती. माझ्या घरात त्याची गाणी दुसऱ्याच्या गळ्यातून यायची, ते मला सोसवत नव्हतं. तिनं सूर लावला की मी मिक्सर सुरू करायची. खोबरं, शेंगदाणे, हाताला येईल ते वाटायची. पण जयवंतला माझ्याशिवाय बोलता येत नव्हतं, त्यामुळं शेवटी मिक्सर बंद करून बसावंच लागलं. बसले तशी ऐकायला लागले, आणि ऐकायला लागल्यावर माझा राग हळूहळू निवला.

आणि हे सगळं कुणाला सांगायचं नाही, अशी त्यानं मला शपथ घातली होती. मला! माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या पेठेला माहीत.

"सांगून टाकते मी त्या संपतला," घरी येऊन मी पदर खोचला. "अहो, एका वाक्याचं काम आहे. दादांनी निवडलीय म्हटलं की हीच माणसं तिला डोक्यावर घेऊन नाचतील."

"म्हणूनच नाही सांगायचं."

"म्हणजे काय?"

"शपथ आहे," एवढंच म्हणून त्यानं तोंड फिरवलं. ओठ दिसले नाहीत की त्याच्याशी भांडता येत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

शनिवारी पूर्वा आली ती पांढरीफटक. तिच्याही कानावर गेलं होतं.

"वहिनी, भोंगाच दिला न्हाई तर मी काय करू?" निपाणीकडच्या मुलींसारखी ती 'मी जातो, मी करतो' असंच बोलायची. "सरनोबतकाका म्हणतात, नियम म्हणजे नियम. भोंग्याबिगर स्टेजवर जायचं न्हाई. मग मी घरी जातो का?"

मी जयवंतकडं बघितलं. आता तरी हा माणूस काही सांगेल. त्यानं ओठ हलवले.

"काय म्हणतात?" तिनं विचारलं.

मला सांगायची लाज वाटली, पण सांगितलं. "म्हणतात, तुझं तू बघ."

पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग तिनं ते मनगटानं पुसलं, पर्स उचलली आणि दारात जाऊन वळली. "बरं. बघतो," म्हणाली आणि जिना उतरली. त्या रात्री मी रागानं जयवंतला आमटी न वाढता नुसता भात वाढला. त्यानं तो मुकाट्यानं खाल्ला.

रविवारचा कार्यक्रम एका बंद पडलेल्या फौंड्रीच्या शेडमध्ये होता. संध्याकाळची वेळ, पत्रा तापलेला, आणि जयवंतनं कानटोपी चढवलेली, मफलर गुंडाळलेला, कुणी ओळखू नये म्हणून. आम्ही अगदी मागं, एका खांबाच्या आडोशाला बसलो. पुढं काळ्या टी-शर्टांचा नुसता समुद्र. पहिल्या रांगेपुढं तोच फ्लेक्स टेकवून ठेवलेला, हाराशिवाय.

वेळ झाली. दिवे मंद झाले. अशा वेळी संपतचा आवाज उठायचा. कुणी हूं की चूं केलं नाही. एवढी माणसं आणि वर पत्र्यावर फिरणाऱ्या कबुतरांची नखं ऐकू येत होती. पडद्याच्या फटीतून सरनोबतचा चष्मा चमकला आणि आत गेला. असा किती वेळ गेला कुणास ठाऊक, मला तर तो संपता संपेना. पहिल्या रांगेत संपत हाताची घडी घालून बसला होता आणि त्याच्या मानेवरूनच कळत होतं, आपण जिंकलो असं त्याला वाटतंय.

मग पडदा हलला आणि पूर्वा बाहेर आली. एकटीच. साधी जीन्स, निळा कुर्ता, केसांची घट्ट वेणी. माईकपाशी येऊन तिनं हात जोडले.

"नमस्कार. मी पूर्वा हंचनाळे. निपाणीहून आलोय."

"परत जा की मग एसटीनं!" मधूनच कोणीतरी ओरडलं.

"शेवटची एसटी साडेनऊला हाय. तवर गातो."

कुणीतरी फिसकन हसलं आणि शेजाऱ्यानं त्याला कोपर मारलं.

"भोंगा झालेला न्हाई," ती म्हणाली. "तुमचा हक्क हाय, नका देऊ. मी बिनभोंग्याची पाळी करतो. पगार कापा माझा." आणि मागं वळून म्हणाली, "काका, या बाहेर. लाजताय काय?"

सरनोबत आला. वरमलेला होता, पण आला. त्याच्या मागून बाकीचे.

गायली हो पोरगी. जीव ओतून गायली. पहिलं गाणं झालं, टाळी नाही. दुसरं झालं, टाळी नाही. गाणं संपलं की त्या शेडमध्ये नुसता सन्नाटा. तिसऱ्यानंतर ती बाटलीतलं पाणी प्यायली तर घोट ऐकू आला. ती पुसून पुसून हात कोरडे करत होती. कुणाची लेक असेल ती, आणि ही पोटं सुटलेली माणसं तिला वाळीत टाकल्यासारखी बसली होती. ज्यांच्या नावानं बसली होती तो माणूस माझ्या शेजारी मफलरात घामानं भिजत होता.

मी उठले. सरळ पुढं जाऊन माईक हातात घ्यायचा आणि सांगून टाकायचं, जळ्ळी ती शपथ! जयवंतनं माझं मनगट पकडलं. जोरात पकडलं, बांगडी रुतली.

"सोडा."

"बस."

"अहो, मारतायत ते तिला!"

"बस, विजया."

तो मला कधी नावानं हाक मारायचा नाही. मी बसले. पण त्या क्षणी मला नवऱ्याचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कधी आला नव्हता.

आणि मग सरनोबतनं 'ओत' सुरू केलं.

'ओत' म्हणजे भट्टीकरांची आरतीच म्हणा. फौंड्रीत वितळलेल्या लोखंडाला रस म्हणतात. त्या गाण्यात रस बोलतो, 'साच्यात मावंना असा मी रस', मग ड्रमचा दणका, आणि 'ओत मला!' आता या दणक्यानंतर एक श्वासभर थांबायचं असतं. कॅसेटमध्ये जयवंत थांबलाय. दणका, शांतता, आणि मग त्याची ती आरोळी. त्या शांततेवर भट्टीकर जीव टाकतात. संपतनं एकदा मला सांगितलं होतं, "वहिनी, त्या गॅपमध्ये दादांनी सगळा कामगार उभा केलाय." रेकॉर्डिंगला मी स्वतः हजर होते. ऐन दणक्यावर जयवंतला खोकला आला होता, म्हणून उशीर झाला. परत रेकॉर्ड करायला भाड्याची वेळ उरली नव्हती, म्हणून तसंच ठेवलं. खोकला पुसला, गॅप राहिली, आणि लोकांनी तिची पूजा मांडली.

पूर्वा म्हणाली, 'साच्यात मावंना असा मी रस', दणका पडला, आणि ती थांबलीच नाही. दणक्यावरच तिनं 'ओत मला' उचललं.

सगळ्या शेडमधून एकच कालवा उठला.

"ए, थांब की गं!" संपत उभाच राहिला. "थांबायचं असतंय तिथं!"

"चुकली! चुकली!" चारी बाजूंनी सुरू झालं.

तिनं ऐकलं. नक्की ऐकलं, कारण तिनं संपतकडं बघितलं. दुसरं कडवं आलं. दणका, आणि परत दणक्यावरच, 'ओत मला!'

"अगं ए! असं न्हाई!" संपतच्या कपाळाची शीर फुगली. "असं हाय ते!" आणि गडी रागाच्या भरात, तोंड न उघडायचं ठरवून आलेला गडी, एक श्वास थांबून, सगळ्या पट्ट्या सोडून ओरडला, "ओत मला!"

"बरोबर!" मागचे गरजले. "असं म्हण!"

पूर्वानं भुवई उडवली, जशी काही 'म्हणून दाखवा की' म्हणतेय. सरनोबत एवढासा हसला आणि कडवं फिरून वाजवलं. दणका. तिनं आपल्या जागी सूर लावला आणि तसाच लांबवत धरला. श्वासभरानं, त्यांच्या जागी, सगळे काळे टी-शर्ट उठून तिला शिकवायला एकदम ओरडले, "ओत मला!"

तिचा सूर पुढं, त्यांची आरोळी मागून. देवाशपथ सांगते, ते गाणं मी शेकडो वेळा ऐकलं होतं, पण असं कधीच नाही. ती बोलावत होती आणि ते येत होते. पत्रा हादरत होता. परत कडवं, परत तेच. ती हटेना, हे हटेनात. बोटं नाचवत, शिव्या घालत, घामाघूम होत ते तिला चूक दाखवत होते, आणि दर खेपेला आवाज वाढत होता. एक म्हातारा खुर्चीवर उभा राहून गॅप मोजून दाखवत होता.

मी जयवंतकडं वळले. "हे तुम्ही शिकवलंत तिला?"

त्यानं मान हलवली. नाही. त्याचे डोळे स्टेजवरच होते. "मी थांबायलाच शिकवलं होतं," तो ओठांनी म्हणाला. "तिनं मला विचारलंसुद्धा नाही."

टोपी त्यानं काढून मांडीवर ठेवली होती. मफलरही सुटला होता. त्याला त्याचं भान नव्हतं.

गाणं संपल्यावर टाळ्या अशा काही पडल्या नाहीत. त्यांना भांडणातून सवडच नव्हती. पुढच्या गाण्यातही ते आता हाताची घडी घालून बसले नाहीत, कुठं चुकते ते बघायला पुढं सरकून बसले. आणि चुकांवर टपलेली माणसं ओळी आपोआप म्हणायला लागली.

कार्यक्रम सुटल्यावर आम्ही गर्दी ओसरायची वाट बघत खांबाशीच थांबलो होतो. संपत कुठूनसा आला आणि जयवंतला बघून जागच्या जागी थबकला.

"दादा! तुम्ही हितं?" त्याचा घसा पार बसला होता. त्यानं वाकून पायाला हात लावला. मागून आणखी भट्टीकर जमले, घामेजलेले, लालबुंद. "दादा, बघितलंत ना? तुमच्या जागेवर थांबली न्हाई ती. कितींदा सांगितलं! एका शब्दानं बोला, दादा. ही पोरगी सरनोबतनं आणली. तुमची परवानगी होती का?"

सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मी जयवंतच्या ओठांकडं बघितलं.

"सांग आता," तो म्हणाला.

मला वाटलं, मी चुकीचं वाचलं. त्यानं परत म्हटलं. मग मी थांबते कशाला? "यांनीच निवडलीय तिला!" मी म्हणाले. "यात्रेत ऐकून यांनीच आणली. वर्षभर माझ्या घरात यांनीच शिकवलंय. कळलं का आता, शहाण्यांनो?"

मला वाटलं होतं, वीज पडेल. माणसं कान धरतील, पोरीची माफी मागायला धावतील. संपतनं क्षणभर डोळे बारीक केले.

"असू दे की, वहिनी," तो म्हणाला. "दादांनी निवडली काय आन् कुणी निवडली काय. म्हणून चूक ती चूक न्हाई व्हय? पुढच्या रविवारी सांगलीला हाय म्हणं तिचा कार्यक्रम. आम्ही टेम्पो ठरवतोय. सगळे जाणार. अशी सोडून कसं चालेल तिला!"

"पुढच्या रांगेतली तिकिटं बघ रे," मागून कुणीतरी म्हणालं. "लांबून तिला ऐकू जात न्हाई." आणि त्यांची आपसातच चर्चा सुरू झाली, कुठल्या गाण्यात ती काय करते आणि काय करायला पाहिजे. जयवंत मध्ये उभा होता आणि कुणाचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं.

त्यानं माझा दंड धरला. त्याचे खांदे गदगदत होते. मला वाटलं धाप लागली, पण तो हसत होता. आवाज नसलेलं हसू, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बघितलंस?" ओठ म्हणाले. "विसरले मला."

ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा मी रडले नव्हते. त्या वर्षात एकदाही नाही. तिथं मात्र माझा बांध फुटला, त्या शेडमध्ये, सगळ्यांच्या देखत, आणि संपत बिचारा घाबरून माझ्या पुढं हात जोडून परत परत म्हणत राहिला, "रडू नका, वहिनी. आम्ही हाय ना. करतो आम्ही तिला सरळ."